पेन्सिलीची खूण

६ जानेवारी

आज मानवी हक्कांविषयी काही गंभीर लिहिणं भाग आहे, कारण सकाळपासून माझ्या बुडाखाली दादाचं स्टूल आहे. हे स्टूल दादाने स्वतः करवतीने कापून बुटकं केलेलं आहे. का, तर काम करताना कोपर टेबलावर टेकलं पाहिजे. कोपर टेकलं की मनगट हलत नाही, मनगट हललं नाही की स्क्रूड्रायव्हर घसरत नाही. तत्त्व थोर आहे, पण ते दादाच्या कोपराचं आहे. मी बसलो की हनुवटी टेबलावर येते आणि गुडघे कानांशी गप्पा मारू लागतात. कंबर अशी धरली की वहिनीने दिलेला चहा मी उभ्याने, भिंतीला टेकून, शिक्षा झालेल्या पोरासारखा प्यायलो.

खोलीत पाठ असलेली एक चांगली खुर्ची आहे. तिच्यात दादा आहे. तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घराच्या पुढच्या खोलीत बसून जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स दुरुस्त करतो. करायचा. गेल्या महिन्यात सकाळी दात घासताना हातातून ब्रश पडला आणि मागोमाग तो पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, शब्द गेले. एक राहिला. "बरं." ज्या माणसाने जन्मात कुणाचं काही "बरं" म्हणून ऐकलं नाही, त्याच्याकडे नेमकं तेवढंच शिल्लक ठेवावं, ही विनोदबुद्धी माझ्यापेक्षा बरीच वरची आहे. भूक लागली, बरं. उशी टोचते, बरं. वहिनी रडली, बरं.

पडायच्या आदल्या संध्याकाळी आमची पैज लागली होती. लहानपणापासून आमच्यात पैजेचा एकच दर आहे: हरेल त्याने दुसऱ्याच्या बुटांना पॉलिश करायचं. त्या दिवशी त्याच्या टेबलावरची उघडलेली लेन्स बघून मी म्हणालो, "यात काय एवढं? चार नळ्या आणि मूठभर स्क्रू."

"टोच्या," तो म्हणाला. (वर्तमानपत्रात माझं टोचणारं सदर येतं, पण टोच्या मी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.) "ही तू नीट जोडून दाखव. तुझ्या बापाच्यानं होणार नाही."

"बाप तुझाही तोच होता."

"म्हणून तर खात्रीने सांगतोय."

ती लेन्स अजून तशीच उघडी पडली आहे. दातांच्या डॉक्टरांची आहे ती. म्हणजे दवाखाना बंद करून घरी बसलेले म्हातारे दंतवैद्य, दादाचं जुनं गिऱ्हाईक. मी ठरवलंय, ही लेन्स मी जोडणार. पैज जिंकणार. दादा शेजारी बसून बघेल, त्यालाही उभारी येईल. या घरात कुणीतरी हातपाय हलवायला हवेत.

८ जानेवारी

दोन दिवस नुसती हत्यारं ओळखण्यात गेले. माझ्या समजुतीप्रमाणे स्क्रूड्रायव्हर दोन जातींचे असतात, सापडणारे आणि न सापडणारे. दादाकडे वीसेक आहेत आणि सगळे सापडतात. टेबलाच्या उजव्या हाताला भिंतीवर एक फळी, फळीला भोकं, आणि भोकांत ते माना खाली घालून उभे.

लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेली एक कडी आहे, तिच्यात डोक्यावर फुली असलेले तीन बारीक स्क्रू आहेत. मी फुलीचा एक स्क्रूड्रायव्हर उचलला, घातला, बसला. फिरवला तर चढून बाहेर आला आणि स्क्रूचं डोकं चकाकलं. चकाकलं म्हणजे झिजलं. फुली फुलीत फरक असतो म्हणे. वरून सारख्याच दिसतात, आतला उतार वेगळा. चुकीच्या उताराचं टोक नुसतं बुडाला टेकतं, बाजूंना धरत नाही, आणि जोर लावला की स्क्रू खातं. माझ्या ओळखीत अशी बरीच माणसं आहेत.

हे कळलं कसं, तर दादाने खुर्चीतून डावा हात फळीकडे लांब केला आणि तसाच धरून ठेवला. मी एकेक काढून दाखवत गेलो. "हा? हा का?" एका ठिकाणी "बरं" जरा वेगळं आलं. तो घातला, तर कवळीसारखा गच्च बसला. दादाचा हात अजून पुढेच होता, बोटं उघडी. मी म्हटलं, "राहू दे दादा, टोक लागेल." आणि त्याचा हात उचलून परत मांडीवर ठेवला.

चपट्या टोकांचे तो विकतचे तसेच वापरत नाही. प्रत्येक टोक दगडावर घासून खाचेच्या मापाचं करतो. खाचेत घालून हात सोडला तरी ते उभं राहिलं पाहिजे, मगच फिरवायचं. आणि एक दोन टोकांचा पाना आहे. काच धरून ठेवणाऱ्या कडीला समोरासमोर दोन खाचा असतात, त्यांत ही टोकं घालून, दाबून, हळू फिरवायचं. घसरला तर सरळ काचेवरून जातो, म्हणून दादा काचेवर आधी पुठ्ठ्याची चकती ठेवतो. मी ठेवली. पाना एकदा घसरला, पण चकतीवर निभावलं. वहिनी दारातून बघत होती.

"भाऊजी, तुमच्या जिभेला मूठ बसवता आली असती ना, तर यांना एवढी हत्यारं घ्यावीच लागली नसती."

दादा हसल्यासारखा वाटला. अर्ध्या तोंडाने.

११ जानेवारी

व्यायाम करून घेणारी मुलगी आली. वय माझ्या स्वेटरएवढं, आवाज मुख्याध्यापिकेचा.

"काका, यांना सगळं डाव्या हाताने स्वतः करू द्या. चमचा, बटणं, काहीही. चुकलं तरी मधे हात घालू नका. आत्ता जे परत येईल तेच येईल. एकदा सोडून दिलं ना त्यांनी, की मग अवघड आहे."

मी म्हटलं, "बाळा, हा माणूस केसाएवढे स्क्रू हाताळणारा. त्याला बटणं लावायला बसवू?"

"मग स्क्रू द्या," ती म्हणाली. हल्लीच्या मुलींना उत्तरं फार लवकर सुचतात.

जाताना नवी काठी ठेवून गेली. खाली काळं रबराचं टोपण असलेली.

रविवारच्या सदरात एकच शब्द उरलेल्या माणसाबद्दल लिहिलं होतं. नाव अर्थातच घातलं नाही. संपादकांचा फोन आला: "हसून हसून मेलो." इकडे वहिनीने ते सदर दादाला मोठ्याने वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठेही न थांबता. दादा म्हणाला, "बरं." मग वहिनीने कागदाची नीट घडी घातली आणि दाराजवळच्या फडताळात खालच्या कप्प्यात, बुटांखाली अंथरली. कागद वाया घालवायची तिला सवय नाही.

१४ जानेवारी

आज मी खरा कारागीर झालो.

लेन्सच्या तोंडाशी नाव कोरलेली एक कडी असते, तिला खाचाच नसतात. ती रबराने दाबून, नुसत्या घर्षणाने फिरवायची. दादाकडे त्यासाठी एक डबाभर रबरं आहेत. बाटल्यांची बुचं, खुर्चीच्या पायांची टोपणं, न्हाणीघराचं बूच. एकही मापाचं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि काठी दिसली. तिचं टोपण काढून लावलं तर जणू याच कामासाठी केलेलं! एका दाबात कडी सुटली. हत्यार निवडायची दृष्टी लागते, ती मला आहे.

पुढचा काचांचा गट काढून ठेवला आणि आट्यांच्या नळ्या धुवायला घेतल्या. लेन्समध्ये आटे असलेल्या दोन नळ्या एकीत एक फिरतात, आतली मागेपुढे सरकते, म्हणून जवळचं-लांबचं दिसतं. जुनं ग्रीस डिंकासारखं झालं होतं. लायटरमध्ये घालतात ते इंधन, कापूस, आणि खाचांमधून टूथपिक. पितळ नव्यासारखं झळकू लागलं. दोन्ही नळ्यांच्या काठावर एकेक काळी रेघ होती, पेन्सिलीच्या शिशासारखी. स्वच्छतेचा एवढा भोक्ता माणूस, आणि हा मळ त्याच्या नजरेतून सुटला! मी तो घासून काढला.

दादा एकदम मोठ्याने, "बरं! बरं! बरं!" डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थापा. आजवर माझ्या कुठल्याच कामाला त्याने इतकी दाद दिली नव्हती. वहिनी धावत आली, तिला वाटलं संडासला लागली. त्याला उठवून आत नेलं. तो मान वळवून टेबलाकडे बघत गेला.

१५ जानेवारी

नळ्या बसत नाहीत. म्हणजे बसतात, पण बरोबर बसत नाहीत.

वहिनी म्हणाली, "खूण बघून लावा की."

"कसली खूण?"

"पेन्सिलीची. नळ्या सुटतात ना, त्या जागेला हे दोन्हींवर रेघ मारतात. दिवा मीच धरला होता त्या दिवशी."

आट्यांना एकच तोंड नसतं. बारा आहेत, मी मोजली. आतली नळी बारांपैकी कुठल्याही तोंडातून आत जाते, अगदी प्रेमाने जाते, पण आत एक खुंटी आहे. तोंड चुकलं की ती खुंटी भलत्याच जागी अडते. मग नळी एक तर लवकर थांबते, नाहीतर जास्तच आत जाते. बरोबर तोंड एकच, आणि ते नळ्या सुटताना जो बघेल त्यालाच माहीत. बाकीचे कारागीर तिथे सुईने ओरखडा काढतात.

"मग याने का नाही काढला?"

"दुसऱ्याच्या वस्तूवर आपली खूण कायमची कशाला ठेवायची, म्हणतात." वहिनीने झळकणाऱ्या नळीकडे पाहिलं. "छान पुसलीत भाऊजी."

माझ्याकडेही त्या वेळी एखादाच शब्द होता, आणि तो बाईमाणसासमोर म्हणण्यासारखा नव्हता.

१९ जानेवारी

पुढच्या काचा नळीत परत बसवल्या, आणि दादाच्या एका जुन्या कॅमेऱ्याची पाठ उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला आहे. समोरच्या घरांपलीकडे पाण्याची टाकी आहे, तिच्याकडे लेन्स धरायची आणि कागदावर टाकी स्पष्ट उमटते का बघायचं. नळी जितकी आत, तितकं लांबचं दिसतं. म्हणजे नळी पूर्ण आत गेली की आकड्यांच्या कडीवरची अनंताची, म्हणजे सगळ्यात लांबच्या अंतराची, आडवी इंग्रजी आठ लेन्सवरच्या लाल रेघेसमोर यायला हवी. हे कुणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं, त्यामुळे त्यावर शंका घ्यायचं कारण पडलं नाही.

एक तोंड. कडी चढवा, तीन स्क्रू कसा, आठ रेघेवर आणा, टाकी बघा. धुरकट ढेकूळ. स्क्रू काढा, कडी काढा, नळी काढा. दुसरं तोंड. जवळचं सगळं लख्ख दिसतं: कपाचा टवका, वहिनीची बांगडी, दादाच्या डाव्या हाताची बोटं. ती सारखी हलत असतात, हवेतच काहीतरी फिरवल्यासारखी. व्यायामवाल्या मुलीने हा कुठला प्रकार शिकवलाय कोण जाणे. लांबचं काही म्हणजे काही दिसत नाही.

दुपारी दादाने हात पुढे करून नळी धरली. मी हळूच सोडवून घेतली. पडली असती तर?

२१ जानेवारी

चहा आणायला आत गेलो. वहिनी गॅससमोर उभी राहून रडत होती. घरात रडायला तिला तेवढीच जागा आहे. मी कप विसळत उगाच उभा राहिलो, त्यात वेळ गेला.

परत येतो तर दादा खुर्चीतून पुढे वाकलेला. लेन्स दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलेली, डाव्या हाताची तीन बोटं नळीवर, डोळे मिटलेले. कपाळावर घाम, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळून शर्ट ओला झालेला. त्याने आतली नळी बसवली होती! एका हाताने. माझ्या येण्याने डोळे उघडले आणि लेन्स माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, "वा दादा, वा! शाब्बास!" पोरांना म्हणतो तसं. लेन्स घेऊन पाहिली. नळी पूर्ण आत गेलीच नव्हती, नखाच्या जाडीएवढी बाहेर राहून अडकली होती. वर कडी ठेवून पाहिली तर आठ भलतीकडेच, रेघेपासून पाव फेरा लांब. जरा जोर देऊन आत जाते का पाहिलं. जाईना. पण बिचाऱ्याने एवढं केलं हेच खूप. त्याला वाईट वाटू नये म्हणून पाठ थोपटली, आणि नळी उलटी फिरवून काढून घेतली.

तो माझ्या हाताकडे बघत होता. लेन्सकडे नाही, हाताकडे.

"बरं," म्हणाला.

२२ जानेवारी

विशेष काही नाही. दादा आज उशिरापर्यंत झोपला. खुर्चीत बसायचं नाही म्हणाला, म्हणजे बसवलं तर अंग सैल सोडून दिलं. थंडी पडली आहे, त्याने असेल.

२६ जानेवारी

व्यायामवाली मुलगी आज माझ्याशी भांडली. दादा हात उचलू देतो, पण स्वतः उचलत नाही. चमचा हातात ठेवला तर ठेवलेला राहतो.

"मागच्या आठवड्यात स्वतः बटण लावलं होतं यांनी. दोन बटणं! मधे काय झालं?"

"कुठे काय झालं? काही नाही झालं."

"काका, काहीतरी झाल्याशिवाय माणूस असा सोडून देत नाही."

मग तिने काठी घेतली, ती फरशीवर सरकन घसरली. टोपण नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरून टोपण उचललं आणि काठीला बसवलं. तिने काठी दादाच्या हातात देऊन पाहिली, आणि शेवटी दाराआड कोपऱ्यात उभी केली.

वहिनी आता त्याला भरवते. तो तोंड उघडतो. "बरं" सुद्धा कमी झालंय. बाहेरच्या खोलीत मी तोंडं मोजत बसतो, आतल्या खोलीत वहिनी घास.

२९ जानेवारी

शिवणकाम करणारी बाई पुढची खोली भाड्याने घ्यायला बघून गेली. तिला दोन मशिनं मांडायला जागा हवी आहे. टेप काढून भिंत मोजली. फळीजवळ आली तेव्हा विचारलं, "हे सगळं निघेल ना?"

वहिनी म्हणाली, "निघेल."

ती गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, एवढी घाई कशाला? मी रोज येऊन बसतोय ना इथे."

"तुम्ही बसताय, हो," ती म्हणाली. "मी यांच्यासाठी जागा धरून ठेवली होती भाऊजी. गेल्या आठवड्यापर्यंत मला वाटत होतं की हे बसतील. आता नाही वाटत." आणि पदराने फळीवरची धूळ पुसायला लागली, एकेक हत्यार उचलून, जागच्या जागी परत ठेवत.

सदर पाठवलेलं नाही. संपादकांना सांगितलं, पोट बिघडलंय. लिहायला बसलो की प्रत्येक वाक्याचं टोक चुकीच्या उताराचं वाटतं. घालतो, बसल्यासारखं होतं, आणि चढून बाहेर येतं.

१ फेब्रुवारी

हे नीट लिहून काढतो.

सकाळी परत तेच चाललं होतं. कडी चढवली, स्क्रू कसले, आठ रेघेवर आणली, टाकीकडे धरली. ढेकूळ. वैतागून नळी फिरवली आणि एकदम कागदावर टाकी उमटली. लोखंडी शिडीसकट. पायऱ्या मोजता येतील इतकी. घाबरून लेन्सकडे पाहिलं, तर आठ रेघेवरच होती. कडी जागेवर होती आणि नळी आत फिरली होती. मी पहिल्या दिवशी डोकं खाल्लेला तो स्क्रू धरतच नव्हता, बाकीचे दोन त्याच्या जोडीने ढिले पडले होते, आणि कडी नुसती टोपीसारखी वर बसली होती.

टोपीच आहे ती. कुठेही बसवावी तिथे बसते. आधी नळीने लांबचं बघायचं, ते दिसलं की मग आठ रेघेसमोर आणून स्क्रू कसायचे. कडी सगळ्यात शेवटी. मी इतके दिवस टोपीवरून डोकं शोधत होतो.

मग नळीकडे पाहिलं. पूर्ण आत नव्हती. नखाच्या जाडीएवढी बाहेर होती.

बराच वेळ मी तिच्यावर अंगठ्याचं नख धरून बसलो. मग एकेक तोंड तपासत गेलो, जिथे खुंटी बरोबर त्या जागी अडेल असं. सापडलं. खुंटी अडली, जोर दिला तरी पुढे जाईना. टाकी लख्ख. नळी नखाएवढी बाहेर. अगदी तशीच.

त्याने डोळे मिटून, एका हाताने, गुडघ्यात धरून, बारांतून हे एक शोधलं होतं. आणि माझ्यापुढे धरलं होतं.

मी शाब्बास म्हणालो होतो.

३ फेब्रुवारी

काल दिवसभर फळी उजवीकडून काढून टेबलाच्या डाव्या हाताला बसवली. फुलीच्या त्या एका स्क्रूड्रायव्हरची मूठ रबरी नळीचा तुकडा चढवून जाड केली, डाव्या मुठीत नीट मावेल अशी. खाल्लेल्या डोक्याचा स्क्रू बदलला. दादाच्या डबीत त्याच मापाचे होते, चिठ्ठी लावलेले. स्टुलाच्या जागी खुर्ची आणली. वहिनी बघत होती, मशिनवाल्या बाईला काय सांगायचं हे तिने विचारलं नाही.

आज दादाला बसवलं. लेन्स पुढे ठेवली, कडी बाजूला, तीन स्क्रू पांढऱ्या रुमालावर.

"दादा, तुझं बरोबर होतं. त्या दिवशी. मीच काढून टाकलं."

तो खिडकीकडे बघत होता.

"कडी तू बसव. मी हात लावत नाही."

स्क्रूड्रायव्हर त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटली नाहीत. थोडा वेळ तो तसाच राहिला, मग घरंगळला, टेबलावरून खाली पडला आणि भिंतीपर्यंत गेला. मी उचलला. परत ठेवला. परत घरंगळला. मग मी उचलला नाही.

या माणसाला आयुष्यभर मी शब्दांनी हरवत आलो आणि तो मला हातांनी. आता दोन्ही बाजूंनी बोलायला कुणी नव्हतं. वहिनीने येऊन त्याच्या ओठाचा कोपरा पुसला, आणि मला म्हणाली, "जेवून घ्या."

मशिनं सोमवारी येणार आहेत.

५ फेब्रुवारी

कडी मीच बसवली. दातांचे डॉक्टर आले. त्यांनी लेन्स कॅमेऱ्याला लावली, खिडकीतून टाकीकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग दादाकडे, आणि खुशीत त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वा! हात अजून तोच आहे की हो तुमचा!"

वहिनीने मान खाली घातली. मी म्हणालो, "त्यानेच जोडली." माझ्या सदरात आजवर छापून आलेल्या कुठल्याही वाक्यापेक्षा हे खरं होतं, आणि यावर कुणी हसलं नाही.

डॉक्टर गेल्यावर फळी उतरवली. हत्यारं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने कापडात गुंडाळली. वहिनी दोरी धरून होती. मोकळ्या भिंतीवर उजवीकडे, फळीच्या जुन्या जागी, तिच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन उरला, आणि डावीकडे मी नव्याने पाडलेली चार भोकं.

मग फडताळाच्या खालच्या कप्प्यातून दादाचे बूट काढले. तपकिरी, नाडीचे. त्यांच्याखाली माझं सदर होतं, त्यावर टाचांचे दोन गोल उठले होते. कागद तसाच राहू दिला. खोलीच्या मधोमध दादाच्या खुर्चीजवळ फरशीवर बसलो, डबी उघडली, आणि आधी ब्रशने धूळ काढली. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली आहे, डाव्याची तेवढी नाही. तो चालताना उजवीकडे भार द्यायचा, हे मला माहीत नव्हतं. दोन्हींना सारखंच पॉलिश लावलं. वाळू दिलं. मग कापडाने घासलं, खिडकी दिसेपर्यंत.

वहिनी दारात उभी होती. पैज तिलाही माहीत होती.

झालं असं वाटल्यावर दोन्ही बूट त्याच्या मांडीवर ठेवले. तो बघत राहिला. बऱ्याच वेळाने डावा हात हलला. सावकाश, फार सावकाश, त्याने डावा बूट एका कुशीवर वळवला, आणि तळ जिथे चामड्याला शिवलेला असतो त्या खाचेत, टाचेच्या वर, नख टेकवलं. तिथे पॉलिश पोचलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

मी बूट परत घेतला आणि ब्रशचं टोक त्या खाचेत घातलं.